आवडलं म्हणू नका, अभ्यासलं म्हणा

संगीतावर लिहून आता पोट भरत नाही, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलंच असेल. 'मेलडी मेकर' हा ब्रिटनमधला संगीत-साप्ताहिकाचा अंक 2000 सालीच मिटला. त्याचा प्रतिस्पर्धी 'एनएमई' आधी फुकट वाटला गेला आणि मार्च 2018 मध्ये छापायचाही थांबला. तेव्हा वेळीच शहाणे व्हा आणि पर्यायी संगीतावर पीएच.डी.ला नाव नोंदवा. वाट मळलेली आहे. सायमन फ्रिथ समाजशास्त्र शिकवता शिकवता रॉकची समीक्षा लिहीत, शिवाय 1992 पासून अल्बमसाठीच्या मर्क्युरी पारितोषिकाच्या परीक्षकांचे अध्यक्षही होते. तुम्हाला एवढं जमलं नाही, तरी तात्पुरत्या करारावर आठवड्याचे दोन तास कुठेतरी पदरात पडतील.

सगळ्यात आधी आवडनिवड सोडा. आजवर एखाद्या बँडचा दुसरा अल्बम भिकार निघाला, की रातोरात चारशे शब्दांत तसं लिहून तुम्ही मोकळे व्हायचात. सकाळपर्यंत शिव्याही पोचायच्या. आता 'सदर कलाकृतीचे अस्सलतेच्या प्रचलित संकल्पनांशी असलेले नाते संदिग्ध आहे' असं लिहा. अर्थ तोच, फक्त बँडला पत्ता लागत नाही.

बढाईचं मात्र सोनं होतं. 'हे तळघरात वाजवायचे तेव्हापासून मी ऐकतोय' हे सांगून सांगून तुम्ही मित्रांना पिडलं होतं. समाजशास्त्रज्ञ सारा थॉर्नटन यांनी 1995 मध्ये असल्या प्रतिष्ठेला 'उपसांस्कृतिक भांडवल' असं भारदस्त नाव दिलं. त्या आधारावर प्रबंधातल्या संशोधनपद्धतीच्या प्रकरणात तीन पानं आरामात भरतील. ज्या रात्रींचं तुम्हाला काहीच आठवत नाही, त्या 'सहभागी निरीक्षण' या मथळ्याखाली टाका.

ड्रमरची मुलाखत हवी असेल तर पूर्वीसारखं स्टेजमागे बिअर घेऊन बसता येणार नाही. आधी विद्यापीठाच्या नैतिकता समितीकडे अर्ज, मग माहितीपत्रक, मग संमतीपत्रावर सही. 'मुलाखतीमुळे मानसिक त्रास झाल्यास कोणाशी संपर्क साधावा' हे वाचून तो खो-खो हसेल. हसू द्या, मुलाखतीच्या शब्दांकनात कंसात 'हसतो' अशी नोंद करा. गोपनीयतेसाठी त्याचं नाव 'सहभागी क्र. 3, ड्रमवादक' असं ठेवा. बँडमध्ये तिघंच आहेत आणि ड्रम त्यातला एकच वाजवतो, याने समितीचं काही बिघडत नाही.

मग अभिलेखागार. 1976 साली लंडनमध्ये मार्क पेरी या बँकेतल्या कारकुनाने 'स्निफिन ग्लू' हे पंकचं फॅन्झीन, म्हणजे चाहत्याने स्वतःच काढलेलं नियतकालिक, सुरू केलं. टाइप केलेला मजकूर, मार्करने खरडलेले मथळे, झेरॉक्स. पुढच्याच वर्षी गुंडाळूनही टाकलं. असले अंक आज बघायचे तर पेन बाहेर ठेवून पेन्सिल घेऊन आत जायचं, आवाज न करता. खाडाखोड दिसली की 'हेतुपुरस्सर अव्यावसायिक सौंदर्यदृष्टी' असं टिपून घ्या. घाईत चूक झाली असेल, अशी शंका तुमच्यासारख्या डेडलाइनवर जगलेल्या माणसाला येणारच. ती गिळा.

संदर्भ कमी पडले तर स्वतःचेच जुने लेख काढा. 'तत्कालीन समीक्षेचा सूर कडवट होता' असं वर लिहा आणि खाली तळटीपेत स्वतःचं आडनाव द्या. पुढच्याच पानावर त्या समीक्षकाच्या पूर्वग्रहांवर कोरडे ओढा. बिचारा उलटून उत्तर देत नाही. त्या लेखाचे त्याला, उशिरा का होईना, पैसे मिळाले होते. तुमच्या जर्नलमधल्या पेपरचं मानधन शून्य, आणि हक्क बहुतेकदा प्रकाशकाला लिहून द्यायचे. वर एक निनावी परीक्षक कळवतो की, पेपर उत्तम आहे, फक्त तो दुसऱ्या बँडवर असायला हवा होता.

एवढं सगळं पार पडल्यावर व्हायवामध्ये, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत, कोणीतरी विचारेलच, 'पण तुम्हाला हा बँड आवडतो का हो?' गडबडू नका. प्रश्नाच्या गृहीतकांवरच आक्षेप घ्या आणि पाणी प्या. विचारणाराही एके काळी रेकॉर्डांची परीक्षणं लिहायचा, तो समजून घेईल.