अर्कम असायलम आणि आमची आत्या

भाच्यानं परवा व्हॉट्सॲप स्टेटसला जोकरचा, म्हणजे बॅटमॅनच्या गोष्टींतल्या खलनायकाचा, फोटो लावला होता. खाली ओळ होती, वेडा मी नाही, जग वेडं आहे. पोरगं अठरा वर्षांचं, त्याला मी काही बोललो नाही. पण दोन दिवस ते डोक्यातनं जाईना, म्हणून इथं लिहितोय. लांबलंय, सवडीनं वाचा. पुस्तकाचा शेवटही सांगणार आहे, तेव्हा ज्यांना ते कोरं वाचायचंय त्यांनी इथंच थांबा.

'अर्कम असायलम' हे बॅटमॅनचं चित्रकथेचं पुस्तक १९८९ साली आलं. लेखन ग्रँट मॉरिसन यांचं, चित्रं डेव्ह मॅकीन यांची. एक एप्रिलचा दिवस. अर्कम या मनोरुग्ण गुन्हेगारांच्या इस्पितळाचा ताबा तिथल्या रुग्णांनी घेतलाय, आणि ओलीस माणसं सोडायच्या बदल्यात त्यांना बॅटमॅन आत हवाय. आत जायच्या आधी तो पोलीस कमिशनर गॉर्डनला सांगतो की भीती त्या लोकांची नाही. जोकर माझ्याबद्दल म्हणतो ते खरं निघालं तर, त्या फाटकातनं आत गेल्यावर आपल्या घरी आल्यासारखं वाटलं तर, ही भीती आहे.

ते पान पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वडील आठवले.

माझी धाकटी आत्या मी शाळेत असताना आजारी पडली. स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास-भ्रम होण्याचा मानसिक आजार, हा शब्द आमच्या घरात फार उशिरा आला. तोवर 'बाहेरचं काहीतरी आहे' इथपासून 'लग्न करून द्या, बरं होईल' इथपर्यंत सगळं ऐकून झालं होतं. शेवटी तिला रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात ठेवलं. कोल्हापुरात कुणी जरा वेगळं वागलं की 'ह्याला रत्नागिरीला धाडा' म्हणायची पद्धत आहे. आमच्या घरात ते वाक्य कुणी उच्चारत नव्हतं. वडील दर महिन्याला एसटीनं आंबा घाट उतरून जायचे. केळी, खोबऱ्याच्या वड्या, धुतलेली लुगडी घेऊन. आणि फाटकाशीच थांबायचे. पिशवी आत द्यायची, बहीण कशी आहे विचारायचं, परतीची गाडी धरायची. बरोबर गेलेली आई आत जाऊन भेटून यायची. वडील कधीच गेले नाहीत.

आम्हाला वाटायचं, त्यांना बघवत नाही.

पुस्तकात एक प्रसंग आहे. बॅटमॅनला शाईच्या डागाचं चित्र दाखवून यात काय दिसतंय म्हणून विचारतात. ही हर्मन रोर्शाखची चाचणी, १९२१ सालची, मूळ दहा कार्डांची. त्याला वटवाघूळ दिसतं, अंगावर येणारं. आणि तो म्हणतो, काही नाही. मी कित्येक वर्षं हे पान 'बघा, किती दडवतोय' एवढ्याच अर्थानं वाचलं. पुढं रोर्शाखबद्दल वाचताना कळलं की मूळ दहांतल्या पहिल्या आणि पाचव्या कार्डात वटवाघूळ किंवा फुलपाखरू दिसणं हे अगदी नेहमीचं उत्तर आहे. साध्यातल्या साध्या माणसाला तेच दिसतं. म्हणजे या माणसानं जिवापाड लपवलं ते चारचौघांसारखं उत्तर! आपल्याला दिसतंय ते वेडाचं लक्षण असणार, असं त्यानं आधीच धरून टाकलं होतं.

दोन वर्षांपूर्वी एका रात्री जेवणं झाल्यावर मी वडिलांना विचारलं, तुम्ही आत का जात नव्हता? बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आत गेलो असतो आनि डाक्टरनं मलाच दोन प्रश्न इचारलं असतं, तर?"

सख्ख्या बहिणीला झालं ते रक्तात असेल, आपल्यालाही होईल, पुढं पोरांना होईल, ही भीती त्यांनी एवढी वर्षं एकट्यानं काढली. आनुवंशिकतेमुळं धोका थोडा वाढतो हे खरं, पण स्किझोफ्रेनिया असलेल्यांच्या बहुतेक सख्ख्या भावंडांना तो होत नाही. हे त्यांना त्या काळी कुणी शेजारी बसून सांगितलं असतं तर ते फाटक ओलांडून गेले असते, असं मला मनापासून वाटतं.

पुस्तकातला अमेडियस अर्कमही असाच. त्याची आई भ्रमांनी पछाडलेली, तो तिच्या उशाशी वाढलेला. पुढं मानसोपचारतज्ज्ञ होतो आणि राहत्या वाड्याचंच इस्पितळ करतो. त्याच्या बायको-मुलीला मारणारा माणूसच रुग्ण म्हणून समोर येतो, त्याच्यावर तो महिनोन्महिने शांतपणे उपचार करतो आणि एक दिवस त्याला विजेच्या झटक्यानं मारून टाकतो. शेवटी स्वतः त्याच इमारतीतल्या कोठडीत मरतो. हा भाग मला हादरवतो, पण एक तक्रारही आहे. अर्कमची ही गोष्ट १९२०च्या दशकातली आणि विजेच्या झटक्याचे उपचार सुरू झाले १९३८ साली, इटलीत. कल्पित कथेला एवढी सूट असते, मान्य. पण 'शॉक' म्हणजे शिक्षा हे चित्र अशाच गोष्टींनी आणि आपल्या सिनेमांनी लोकांच्या मनात पक्कं केलं. आपल्याकडच्या २०१७च्या कायद्यानुसार भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय हा उपचार करताच येत नाही, हे कितीजणांना ठाऊक आहे?

आता जोकर. पुस्तकातली डॉक्टर रूथ अ‍ॅडम्स म्हणते की तो कदाचित वेडा नाहीच, ही शहाणपणाच्या पलीकडची अवस्था आहे, तो रोज स्वतःला नव्यानं घडवतो. पोरांना भुरळ पडते ती याची. या पुस्तकाच्या आदल्या वर्षी आलेल्या 'द किलिंग जोक' या बॅटमॅनच्याच चित्रकथेतला जोकर तर म्हणतो, एक वाईट दिवस पुरतो, कुणीही माझ्यासारखा होईल. २०१९च्या महापुरात कोल्हापुरातल्या शाहूपुरी आणि बापट कॅम्पातल्या कुंभारांच्या मूर्ती ऐन गणपतीच्या तोंडावर पाण्यात गेल्या. तसला दिवस या गावानं बघितलाय. पावसाचा आवाज आला की अजूनही रात्रभर जागी राहणारी माणसं मला माहीत आहेत. त्यांतलं कुणी जोकर झालं नाही. आणि आत्याचा तर असा कुठला दिवसच नव्हता. आजार हळूहळू आला, दोन वर्षं घेऊन. त्या दोन वर्षांत ती जोकरसारखी मोकळी झालेली मी पाहिली नाही. ती घाबरलेली होती. नळाच्या आवाजाला, शेजारच्या रेडिओला, आमच्या कुजबुजीला.

मला या पुस्तकातलं सगळ्यात खरं वाटतं ते टू-फेसचं पान. अर्धा चेहरा जळालेला, एक बाजू जळकी असलेल्या नाण्यावर सगळे निर्णय घेणारा हा गुन्हेगार. डॉक्टर त्याचं नाणं काढून घेते, फासा देते, मग टॅरोचा, म्हणजे भविष्य बघायच्या ७८ पत्त्यांचा, जुडगा देते. दोनाऐवजी सहा, सहाऐवजी अठ्ठ्याहत्तर पर्याय, ही सुधारणा. आणि त्याला बाथरूमला जायचा निर्णयही घेता येईना. आमची आत्या घरी आली तेव्हा तिच्या पदराला जुन्या घराची किल्ली बांधलेली असायची. काही करायच्या आधी ती चाचपायची. पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही म्हणून आम्ही ती काढून घेतली. त्यानंतर ती उंबऱ्यात तासन् तास उभी राहायला लागली. आत ना बाहेर. आमच्या मनात काही वाईट नव्हतं. रूथ अ‍ॅडम्सच्याही नव्हतं.

शेवटी बॅटमॅन टू-फेसला नाणं परत देतो. बॅटमॅनला सोडायचं की मारायचं हे नाण्यावर ठरणार असतं, जळकी बाजू आली तर मरण. टू-फेस म्हणतो, सोडा. बॅटमॅन गेल्यावर आपल्याला दिसतं, नाण्याची जळकी बाजूच वर आलेली असते. निर्णय टू-फेसनं स्वतः घेतलेला असतो.

आत्याची किल्ली वडिलांनी त्या रात्रीनंतर शोधून काढली, देवघराच्या खणात होती. आता गोळ्या वेळेवर आहेत, कपिलतीर्थ मार्केटातनं भाजी तीच आणते. बहुतेक वेळा गवारी.

पुस्तक माझ्याकडं आहे. कुणाला हवं असेल तर कळवा, राजारामपुरीत असतो. जोकरची लाल अक्षरं वाचायला डोळ्यांना त्रास होतो, दिवसा उजेडात वाचा. भाच्याला मी रविवारी देणार आहे, आणि त्याला आत्याशेजारी बसूनच वाचायला सांगणार आहे.