सैंधव खाल्ल्याने बीपीची गोळी सुटत नाही

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर सारखा फिरतो: 'पांढरं मीठ बंद करा, सैंधव सुरू करा, अनशापोटी लसूण खा, पंधरा दिवसांत बीपीची गोळी सुटते. डोकं दुखत नसेल तर बीपी नाहीच.'

सैंधव म्हणजेही जवळपास सगळं सोडियम क्लोराइडच. बाकीची खनिजं नावापुरती, आणि बऱ्याच सैंधवात आयोडीनही नसतं. शिवाय औषधी समजून हात सैल सुटतो तो वेगळाच. 'लो सोडियम' मीठ ही निराळी गोष्ट. त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टन, रामिप्रिलसारखी बीपीची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते आणू नका. रक्तातलं पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं.

खरा प्रश्न मापाचा आहे. माणशी दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर, सगळं धरून. मिठाचा पुडा फोडल्याची तारीख पुड्यावरच लिहा. चौघांच्या घरात किलो महिन्यात संपलं, तर माणशी 8 ग्रॅम झालं, आणि त्यात लोणचं, पापड, बेकरीची खारी धरलेलीच नाही. पापडात मिठाखेरीज पापडखार असतो, म्हणजे पुन्हा सोडियम. भाकरी बिनमिठाची असते खरी, पण शेंगाचटणी आणि लाल मिरचीचा रंजका ती कसर भरून काढतात. आजोबांसाठी वेगळं अळणी शिजवू नका. दोन दिवसांत ते लोणच्याची बरणी शोधतात. सगळ्यांच्याच आमटीतलं मीठ दर आठवड्याला थोडं उतरवा, आमसूल, लिंबू, कोथिंबीर वाढवा. जिभेला सवय व्हायला काही आठवडे जातात.

लसणाने झालाच तर थोडा फरक होतो. स्वयंपाकात खुशाल घाला, गोळीऐवजी नको.

पंधरा दिवसांत गोळी सुटण्याची गोष्ट सगळ्यात घातक. अ‍ॅम्लोडिपिन ही बीपीची गोळी शरीरात बराच वेळ टिकते. ती बंद केली तरी पहिले एक-दोन दिवस आकडा फारसा हलत नाही, आणि उपाय लागू पडला असं वाटतं. मग बीपी हळूहळू चढतं. मेटोप्रोलॉल किंवा क्लोनिडिन या बीपीच्या गोळ्या एकदम सोडल्या तर ते उसळूही शकतं. मीठ, वजन आणि चालणं सांभाळून गोळी कमी होऊ शकते, हे खरं. पण ती कमी करायची डॉक्टरांनी, वहीतले आकडे बघून.

डोकेदुखीवर तर विसंबूच नका. बहुतेकांना काहीच जाणवत नाही, म्हणून तर मोजायचं. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू नको. लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं. दंडाचा पट्टा उघड्या दंडावर, छातीच्या पातळीत. तो तोकडा असेल तर आकडा उगाच वर दाखवतो. मिनिटभराच्या अंतराने दोनदा, सकाळी गोळीआधी आणि संध्याकाळी, सात दिवस. पहिला दिवस सोडून सरासरी काढा. ती 135/85 किंवा वर असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा.

चालणं आठवड्याला 150 मिनिटं. खानापूरच्या पावसात ते थांबतंच, तेव्हा पडवीत दहा-दहा मिनिटांच्या फेऱ्या घालाव्यात. गुडघ्यासाठी दुकानातून परस्पर आणलेली डायक्लोफेनॅक ही दुखण्यावरची गोळीही बीपी वाढवते, हे त्या मजकुरात कुठेच नसतं.

आकडा 180/120 च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोबडी वळणं किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडणं असेल, तर लसूण सोलत बसू नका, 108 ला फोन करा.