बारा वर्षांनी भाडेकरू मालक होतो म्हणे!

"घरमालकांनो, सावधान! भाडेकरू सलग १२ वर्षं राहिला की घर त्याचं होतं, सुप्रीम कोर्टाचा निकाल आलाय. करार ११ महिन्यांचाच करा, मध्ये एक दिवस घर रिकामं ठेवा, लाइटबिल त्याच्या नावावर करू देऊ नका. आणि १०-११ वर्षं झाली असतील तर आजच कुलूप बदला."

हा मेसेज कुणी ना कुणी दर दोन-तीन महिन्यांनी पुढे ढकलतंच. त्यातला १२ हा आकडा कायद्यात आहे. पण तो कशाला लागू होतो, तिथेच सगळी गफलत आहे.

आधी तो निकाल. रविंदर कौर ग्रेवाल विरुद्ध मनजीत कौर, ऑगस्ट २०१९, तीन न्यायमूर्तींचं पीठ. कोर्टापुढे प्रश्न भाडेकरूचा नव्हताच. प्रतिकूल ताब्याचा, म्हणजे दुसऱ्याची मिळकत आपलीच म्हणून उघडपणे ताब्यात ठेवल्याचा मुद्दा फक्त बचावात घेता येतो, की त्याच्या आधारावर स्वतःहून दावाही लावता येतो, एवढंच ठरवायचं होतं. कोर्ट म्हणालं, दावाही लावता येतो. प्रतिकूल ताबा कशाला म्हणायचं, याची व्याख्या सैल झाली नाही.

आता ती १२ वर्षं. मुदत कायदा १९६३, अनुच्छेद ६५. दुसऱ्याच्या ताब्यातली आपली मिळकत परत मागायला मालकाला १२ वर्षांची मुदत असते, आणि ती मोजायची ताबा 'प्रतिकूल' झाल्या दिवसापासून. ती उलटली की कलम २७ नुसार मालकाचा हक्कच संपतो. कायदा कडक आहे, यात शंका नाही. पण प्रतिकूल म्हणजे मालकाला धाब्यावर बसवून, उघडउघड, अखंड आणि 'हे माझंच' म्हणत ठेवलेला ताबा. भाडेकरू दर महिन्याला भाडं देतो, म्हणजे दर महिन्याला 'घर तुमचं' अशी कबुलीच देतो. असा माणूस ४० वर्षं राहिला तरी भाडेकरूच. भाडेकरारानं आत आलेल्या माणसाला 'घर देताना तुम्ही मालक नव्हतातच' असं म्हणायलाही साक्ष्य कायदा बंदी करतो. पूर्वी ते कलम ११६ होतं, २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमात १२२ आहे. लाइटबिलानं तो तिथे राहतो हे सिद्ध होतं. ते तर कुणी नाकारतच नाही.

घर सांभाळायला ठेवलेल्या माणसाचं, किंवा मायेपोटी राहू दिलेल्या नातेवाइकाचंही तसंच. गोव्यातल्या एका घराच्या खटल्यात २०१२ साली सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलं, की अशा माणसाला कितीही वर्षं राहिला तरी मिळकतीत हक्क मिळत नाही.

भाडेकरूच्या बाबतीत १२ वर्षांचा संबंध येतो तो दुसऱ्याच ठिकाणी, अनुच्छेद ६७ मध्ये. भाडेकरार संपुष्टात आल्यावर ताब्याचा दावा लावायला मालकाला १२ वर्षं मिळतात. म्हणजे नोटीस देऊन करार संपवला, भाडं घेणं थांबवलं आणि मग 'बघू पुढे' म्हणत तप लोटलं, तर पंचाईत. इथे नडतो तो मालकाचा आळस.

मग महाराष्ट्रात ही भीती एवढी मुरली कशी? तिला जुनं कारण आहे. १९७३ साली मुंबई भाडे कायद्यात कलम १५अ आलं आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे भाडेकरूचे हक्क न देता नुसत्या राहण्याच्या परवानगीवर राहत असलेले लोक कायद्यानं भाडेकरू ठरले. काल ज्याला पाहुण्यासारखं ठेवलं, त्याला आज काढता येईना! ज्यांची घरं अशी अडकली, त्यांनी ती धास्ती मुलांना वारशात दिली. पण तेव्हाही त्यांना भाडेकरूपण मिळालं होतं, मालकी नाही. आणि ते मिळालं त्या एका तारखेमुळे, बारा वर्षं मोजून नव्हे.

११ महिन्यांचा सल्ला तर मला सगळ्यात घातक वाटतो, कारण तो शहाणपणाचा वाटतो. नोंदणी कायदा १९०८ नुसार एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची, म्हणून ११ महिने आणि नोटरी, अशी पळवाट रुळली. महाराष्ट्रात ती १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं बुजवली. कलम ५५ म्हणतं, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची. चुकवली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून जड गोष्ट पुढे आहे: नोंदणीकृत करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच खरं धरलं जातं, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत. नोटरीचा शिक्का मारून निर्धास्त झालेला मालक असा आपणच भाडेकरूच्या हाती पत्ते देतो. मध्ये एक दिवस घर रिकामं ठेवून यातलं काहीही बदलत नाही.

उलट राहत्या घराचा लिव्ह अँड लायसन्स करार रीतसर असेल, तर मुदत संपल्यावर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे घर परत मिळवण्यासाठी अर्ज करता येतो. मुदत संपूनही न हटणाऱ्याला ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दरानं भरपाई द्यावी लागते.

राहिलं कुलूप. भाडेकरूचं पाणी किंवा वीज तोडायला त्याच भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २९ मनाई करतं. आणि कायद्याची वाट सोडून त्याला बाहेर काढलं, तर विशिष्ट अनुतोष कायदा १९६३ च्या कलम ६ खाली तो सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मिळवू शकतो. त्या दाव्यात घर कुणाच्या मालकीचं, हे कोर्ट विचारतच नाही.