तिकिटाआधी खोली पाहा
परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांवरच्या लेखात म्हटलंय, 'प्रवेश मिळाला की निघा, घर तिथं गेल्यावर सापडतंच.' मला हे अजिबात पटलं नाही. आम्ही घाटंजीकडचे कापूसवाले. पोरगी जर्मनीत म्युनिकला शिकायला निघाली तेव्हा ऑनलाइन एका घरमालकानं खोलीचे फोटो पाठवले, आधी डिपॉझिट टाका, चावी कुरिअरनं येईल म्हणाला. कापसाच्या चुकाऱ्याचे पैसे गेले, चावी काही आली नाही. तिची आई आठ दिवस धड जेवली नाही.

खोली किंवा करार प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय एक युरोही पाठवू नका, हात जोडून सांगतो. जर्मनीत डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून जास्त घेता येत नाही, आणि तेही तीन मासिक हप्त्यांत भरायचा हक्क आहे. हे आम्हाला फार उशिरा कळलं. जाहिरातीत 'काल्टमीटे' असेल तर हीटिंगचा खर्च वेगळा, म्हणून हिशेब 'वार्ममीटे'वर, म्हणजे हीटिंग धरून होणाऱ्या भाड्यावर करा. सरकारमान्य विद्यार्थी वसतिगृहं स्वस्त पडतात, पण म्युनिकसारख्या शहरात प्रतीक्षायादी लांबलचक असते. प्रवेशपत्र येताच अर्ज टाका. आणि तिथल्या सरकारी कचेरीत राहायचा पत्ता नोंदवायला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. तो देणार का, हे पहिल्याच फोनवर विचारा.