पांढऱ्याने डाव सोडला

ग्रँडमास्टरांचे डाव अभ्यासले की बुद्धिबळातलं धोरण कळतं, असं सगळे जाणकार सांगतात. असेलही. माझी तक्रार एवढीच आहे की डाव मला जिथे जरा कळायला लागतो, नेमका तिथेच ही मोठी माणसं तो सोडून देतात.

१९२३ सालचा कोपनहेगनचा डाव घ्या, सेमिश विरुद्ध निमझोविच. पंचविसावी चाल. काळ्याने कडेचं एक प्यादं एक घर पुढे सरकवलं. ना शह, ना काही खाल्लं. आणि पांढऱ्याने डाव सोडला! वजीर जिवंत, दोन्ही हत्ती जिवंत, वर काळ्यापेक्षा एक मोहरं जास्तच. मी बोट लावून मोजलं. खाली टीप होती की पांढरा आता काहीही खेळला तरी शेवटी मरणारच, याला झुगझ्वांग म्हणतात. आमच्या भुसावळात एवढ्या कारणासाठी कुणी डाव सोडत नाही. चहा मागवतात.

अभ्यासाची रीत मला चिरंजीवांनी सांगितली. पुढची चाल कार्डाने झाकायची, आपण काय खेळलो असतो ते ठरवायचं, मग कार्ड सरकवायचं. मे महिना, पारा ४५ च्या पुढे, त्यामुळे हा उद्योग सकाळीच उरकावा लागे. बायकोने पाहिलं आणि म्हणाली, "अहो, नुसतं बसायचंच आहे ना? मग गच्चीवर बसा. बिबडे वाळत घातलेत." त्या दिवसापासून मी पट, पुस्तक आणि काठी घेऊन ज्वारीच्या बिबड्यांशेजारी बसू लागलो. समोरच्याच्या मनात काय आहे ते ओळखून त्याआधीच त्याची वाट बंद करा, ही निमझोविचची मुख्य शिकवण. ती मी खाली रेघ मारून वाचत होतो तेवढ्यात कावळ्याने बिबडा नेला.

पण खरा छळ केला पेट्रोशियनने. झुरिच, १९५३, समोर रेशेव्स्की. पेट्रोशियन काळ्या सोंगट्यांनी खेळतोय आणि अगदी चेपला गेलेला, पांढऱ्याची प्यादी मध्यावर छाती काढून उभी. पंचविसावी चाल झाकली. (या पंचविसाव्या चालीचं आणि माझं काहीतरी वाकडं असावं.) मी विचार करकरून घोडा हलवला. कार्ड सरकवलं तर हत्ती ई६ या घरात! म्हणजे उंटाच्या थेट तोंडात. बदल्यात काय? वरवर पाहता काही नाही. जेवताना तोच हत्ती, झोपताना तोच हत्ती. पहाटे कधीतरी उलगडलं. हत्ती पुढे आला म्हणजे पांढऱ्याच्या प्याद्याचा रस्ता बंद, आणि हत्तीने सोडलेल्या घरातून घोडा थेट डी५ वर जाऊन बसणार, जिथून त्याला कुणी हलवू शकत नाही. अहाहा! अंगावर काटा आला. त्याच आनंदात पान उलटून शेवट पाहिला. डाव बरोबरीत.

संध्याकाळी ओट्यावर मी अप्पांना हत्ती दिला.

अप्पा रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी आधी हत्ती खाल्ला आणि मग विचारलं, "कामून दिला रे भो?"

"घर अडवायला, अप्पा."

"अडव मंग," अप्पा म्हणाले आणि जास्तीच्या हत्तीने माझी एकेक प्यादी वेचायला लागले. पेट्रोशियन बरोबरच होता. फक्त त्याच्यासमोर रेशेव्स्की होता, आणि रेशेव्स्कीला आपली अडचण कळत होती. अप्पांना अडचण कळत नाही. त्यांचं सगळं धोरण एका वाक्यात बसतं: "शह देत राहायचा. शह दिला का समोरचा हालते, हालला का चुकते." असल्या खेळाडूविरुद्ध काय करायचं, हे एकाही ग्रँडमास्टरने लिहिलेलं नाही.

शिवाय अप्पा देशी नियमांचे. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर. मी समजावताना ओघात सुलतान खानाचं नाव काढलं. पंजाबचा माणूस, असाच देशी पद्धतीने शिकलेला. पुढे विलायतेत जाऊन १९२९, १९३२ आणि १९३३ साली ब्रिटिश अजिंक्यपद जिंकला, आणि १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्याने खुद्द माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवलं. झालं. तेव्हापासून अप्पा ओट्यावर थोडे ताठ बसतात, आणि "सुलतान खान काय खेळला असता?" असं मोठ्याने म्हणून मला शह देतात.

घरी तरी सहानुभूती असावी? डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूरच्या जगज्जेतेपदाच्या लढतीचा चौदावा डाव आम्ही सगळ्यांनी मिळून पाहिला. डिंग लिरेनने एफ२ वर हत्ती नेला आणि चिरंजीव खुर्चीवर उभे राहिले. थोड्या वेळात डिंगने डाव सोडला, गुकेश अठराव्या वर्षी जगज्जेता झाला, त्याच्या डोळ्यांत पाणी, आमच्या डोळ्यांत पाणी. बायको म्हणाली, "पण त्याचा राजा तर आहे अजून. मग संपलं कसं?" चिरंजीवांनी मोबाइलवर, डाव कुणाकडे झुकलाय ते सांगणारा संगणकाच्या इंजिनचा आकडा दाखवला. "आकडा पाहून हार मानायची?" ती म्हणाली. यावलला तिच्या माहेरी बांधाचा दावा आजोबांच्या काळापासून चालू आहे, त्यामुळे हा प्रश्न तिला मनापासून पडला होता.

तरीही अभ्यास वाया गेला असं मी म्हणणार नाही. कापाब्लांकाचा १९२४ सालचा न्यूयॉर्कचा डाव आहे, टार्टाकोव्हरविरुद्धचा. शेवटी हत्ती आणि प्यादीच उरलेली असताना हा माणूस प्यादी खुशाल शहासकट खाऊ देतो आणि स्वतःचा राजा चालवत चालवत शत्रूच्या दारात नेऊन उभा करतो. राजा हा लपवायचा नसतो, शेवटी तोच लढतो, हे मला त्या डावाने शिकवलं. परवा अप्पांशी खेळताना वजीर गेले, घोडे गेले, आणि मी राजा बाहेर काढला. अप्पांनी शहावर शह दिले. राजा चालत राहिला. त्यांचं एक प्यादं पडलं, दुसरं पडलं, शेवटी हत्तीही पडला. पटावर अप्पांचा एकटा राजा, माझ्याकडे हत्ती आणि तीन प्यादी. टीपकार इथे लिहितात, "पुढचा भाग केवळ तंत्राचा." मी हात पुढे केला.

अप्पांनी तो हातात घेतला नाही. "बुर्जी," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"एकला राजा उरला का बुर्जी. मात नाही. अर्धी तुले, अर्धी मले." ओट्यावरच्या बाकीच्या निवृत्तांनी माना डोलावल्या. मी कापाब्लांकाचं नाव घेऊन पाहिलं, तर अप्पा सोंगट्या मांडत म्हणाले, "त्यालेच तर हरवलं आपन. चाल, पांढरे आता माह्याकडे."