"दुसऱ्या मशीनमध्ये लावून बघा" म्हणणाऱ्यांनो, दुसरं मशीन आणायचं कुठून?

डोकं फिरलंय आता खरंच. कॉम्प्युटरचा मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम सगळं नवीन घेतलं, जुनं ग्राफिक्स कार्ड तेच ठेवलं कारण ते आदल्या रात्रीपर्यंत मस्त चालत होतं, एकदाही कुरकुर नाही. आणि आता डेस्कटॉपवर बसा, व्हिडिओ बघा, काही होत नाही, पण गेम सुरू केला आणि कार्डावर जरा लोड आला की स्क्रीन काळी, मॉनिटरवर नो सिग्नल आणि कार्डाचे पंखे एकदम फुल स्पीडला, घर डोक्यावर घेतात. कधी ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, आपोआप परत उठतो, कधी पॉवरचं बटण दाबून धरल्याशिवाय सुटका नाही.

बरं, विंडोजचा लॉग, म्हणजे बिघाडांची नोंदवही, बघावा तर तिथे काय लिहिलेलं असतं? डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं आणि तो पूर्ववत झाला, इव्हेंट ४१०१. अरे थांबलं ते मलाही दिसलं की, का थांबलं ते सांग ना! विंडोज कार्डाला २ सेकंद देते, तेवढ्यात उत्तर आलं नाही की ड्रायव्हर रिसेट करते, बस, एवढाच त्याचा अर्थ. रॅम अनस्टेबल असली तरी तेच, पॉवर सप्लाय मार खात असला तरी तेच, कार्ड मेलेलं असलं तरी तेच. आणि मशीन अख्खं बंद पडलं तर कर्नल-पॉवर ४१, म्हणजे काय तर मशीन नीट बंद न होता बंद झालं. धन्यवाद!

मग सपोर्ट. कार्डवाले म्हणतात पॉवर सप्लाय बघा. पॉवर सप्लायवाले म्हणतात कार्ड बघा. बोर्डवाले म्हणतात बायोस अपडेट करा. आणि तिघंही सुरुवात एकाच वाक्याने करतात, ड्रायव्हर अपडेट केलात का? केला हो! डीडीयू या ड्रायव्हर पुसणाऱ्या टूलने सेफ मोडमध्ये जुना साफ काढून नवीन टाकला, मग जुना व्हर्जन टाकून बघितला, एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त स्पीडला चालवणारी सेटिंग, बंद करून रॅम साध्या स्पीडला आणली, कार्डाच्या स्लॉटचा वेग जेन ४ वरून खालच्या जेन ३ वर आणला, विंडोज नव्याने टाकली. काही फरक नाही. हे सगळं लिहून पाठवलं तरी उत्तर येतं, कृपया ड्रायव्हर अपडेट करून बघा. वाचतच नाहीत लोक.

आणि सगळ्यांचं शेवटचं रामबाण औषध म्हणजे "दुसरं कार्ड लावून बघा, दुसरा सप्लाय लावून बघा". कोणाच्या घरी एक्स्ट्रा पॉवर सप्लाय पडलेला असतो? प्रोसेसर नावात एफ असलेला, त्यात आतले ग्राफिक्स नाहीतच, म्हणजे कार्ड काढलं की स्क्रीनवर काहीच नाही, तेवढीही टेस्ट करता येत नाही. आणि सप्लाय उसना मिळाला तरी त्याच्या सगळ्या केबली त्याच्याच लावाव्या लागतात, कारण मॉड्युलर, म्हणजे सप्लायपासून काढता येणाऱ्या, केबलीची सप्लायकडची बाजू प्रत्येक कंपनीची वेगळी, प्लग बसतो पण पिनची जोडणी वेगळी असते आणि पार्ट जळू शकतात. इतक्या वर्षांत एक स्टँडर्ड नाही ठरवता आलं यांना?

मला सगळ्यात जास्त चीड येते ती वॉटच्या आकड्याची. कार्डाला स्लॉटमधून ७५ वॉट, सप्लायच्या प्रत्येक ८-पिन केबलमधून १५०, बेरीज करा, सप्लायच्या बॉक्सवर लिहिलेल्या आकड्यात बसतं, म्हणजे सप्लाय पुरेसा. नाही ना! कार्ड काही मिलिसेकंदांसाठी त्या आकड्याच्या कितीतरी वर उडी मारतं आणि जुना सप्लाय तेवढ्यात हात टेकू शकतो. या उड्यांसाठी नियम कागदावर आले २०२२ मध्ये, पॉवर सप्लायचं एटीएक्स ३.० हे स्टँडर्ड आलं तेव्हा. त्याआधीचा सप्लाय असलेल्याने काय करायचं? आणि नवा प्रोसेसर जास्त वॉट खातो म्हणून आधी चालणारं कार्ड आता पडतंय का, हे मी घरी बसून मोजायचं कशाने? मिलिसेकंदाची उडी साध्या मल्टिमीटरवर दिसत नाही.

बरेच कार्ड स्वतःला येणारा १२ व्होल्ट मोजतात, जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या टूलमध्ये आकडा दिसतो. मग पडताना तोच आकडा लॉगमध्ये लिहायला काय जातं? एक ओळ, "व्होल्टेज खाली गेला". एवढं लिहिलं असतं तर सगळ्यांचं भांडण तिथेच मिटलं असतं.

शेवटी वॉरंटीत कार्ड पाठवलं तर परत आलं, सोबत रिपोर्ट, दोष आढळला नाही. कसा आढळेल, डेस्कटॉप उघडून बघितला असेल, तो माझ्याकडेही उघडतोच! आता तेच कार्ड परत त्यांच्याकडे पाठवतोय, बॉक्सवर मार्करने मोठ्या अक्षरात लिहून, की फुल लोड द्या, निदान तासभर द्या आणि मग सांगा दोष नाही म्हणून.