खुलासा: काचबिंदू असताना लेझरने मोतीबिंदू

रत्नागिरी-देवगडकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘काचबिंदू असेल तर लेझरने मोतीबिंदू काढू नका, दाब वाढून डोळा जातो.’ हे अर्धंच खरं आहे.

डोळ्यातला दाब वाढतो, हे खरं. लेझर चालताना डोळा हलू नये म्हणून बुबुळाभोवती एक कडं ओढ देऊन चिकटवतात. एरवी 10 ते 21 मिलिमीटर पारा असणारा दाब तेवढ्यापुरता चढतो, काचबिंदूवाल्यांचा जरा जास्तच. पण हा खेळ मोजक्या मिनिटांचा. कडं सुटलं की दाब उतरतो. शिवाय लेझर भिंगाच्या आवरणाला गोल छेद देतं, मोतीबिंदूचे तुकडे करतं. ते काढायला नेहमीचं फेको मशीनच (ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून ओढून घेणारं) लागतं, आणि दाब त्यातही वरखाली होतो.

काचबिंदूने डोळ्याची नस फारच झिजली असेल तर डॉक्टर लेझर टाळूही शकतात. ते तपासणीवरून ठरतं, मेसेजवरून नव्हे.

आमच्या शेजारच्या काकूंनी हा मेसेज वाचून ऑपरेशन लांबवलंच, वर काचबिंदूचे थेंब घालणंही बंद केलं. फ्रिजच्या दारात, आगळाच्या बाटलीमागे, कुपी सीलबंद पडलेली! जीव तुटतो तो यासाठी. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. थेंब चालू ठेवा, आणि ऑपरेशनच्या दिवशी ते घालायचे का, हे डॉक्टरांनाच विचारा.